अमेरिकेच्या फेडरल कोर्टात वकिलाशिवाय दावा: दारातूनच का परत पाठवतात?

पेशकार

वेगवेगळ्या धाग्यांवर हा प्रश्न फिरून फिरून येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. "राज्याच्या कोर्टात काही होत नाही, सरळ फेडरल कोर्टात जातो, वकील नको, माझं मी लिहीन." यातला शेवटचा भाग कायद्याला मान्य आहे. अमेरिकी संहितेच्या २८व्या भागातलं कलम १६५४ प्रत्येकाला स्वतःचा दावा स्वतः चालवू देतं. घोळ आहे तो "सरळ फेडरल कोर्टात" मध्ये.

आपल्या डोक्यात कोर्टांची उतरंड असते: दिवाणी, जिल्हा, उच्च, सर्वोच्च. त्यामुळे फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट हे राज्याच्या कोर्टाच्या डोक्यावर बसलेलं असणार, असं आपण धरून चालतो. तसं नाही. ते शेजारचं वेगळं दुकान आहे आणि तिथे ठरावीकच माल घेतात. खासगी वादीसाठी व्यवहारात दारं दोन. कलम १३३१: दावा फेडरल कायद्यातून किंवा संविधानातून उभा राहिला पाहिजे. कलम १३३२: दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक, किंवा एकीकडे राज्याचा नागरिक आणि दुसरीकडे परदेशी, आणि वादाची रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त. सरकारविरुद्धच्या दाव्यांची वेगळी कलमं आहेत, त्याबद्दल खाली येईलच.

कोककोनेन खटल्यात (१९९४) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सुरुवात "हा दावा ऐकायचा अधिकार कोर्टाला नाही" असं गृहीत धरूनच करायची, आणि आहे हे दाखवायची जबाबदारी दावा आणणाऱ्याची. प्रतिवादी गप्प बसला तरी, दोघांनी मिळून "चालवा इथेच" म्हटलं तरी उपयोग नाही. दिवाणी नियम १२(ह)(३) प्रमाणे अधिकार नाही हे केव्हाही लक्षात आलं तरी न्यायाधीशाला दावा फेटाळावाच लागतो, अगदी निकालानंतर अपिलात लक्षात आलं तरीही.

याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे मॉटली दांपत्य. रेल्वे अपघाताची तडजोड म्हणून त्यांना १८७१ पासून आयुष्यभराचा मोफत पास मिळाला होता. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९०६ मध्ये असे पास बंद करणारा कायदा केला, रेल्वेने पास नाकारला, ते फेडरल कोर्टात गेले आणि जिंकलेही. अधिकाराचा मुद्दा कोणीच काढला नव्हता. १९०८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो स्वतःहून काढला: तुमचा दावा करारभंगाचा, फेडरल कायदा येतो तो फक्त रेल्वेच्या बचावात, म्हणजे १३३१ चं दार तुमच्यासाठी नाही. पुन्हा केंटकीच्या कोर्टात पहिल्यापासून सुरुवात. १९११ मध्ये प्रकरण परत सुप्रीम कोर्टात पोचलं आणि तिथे ते हरले.

यातून निघणारी कसोटी: समोरचा काय म्हणेल ते बाजूला ठेवा. तुमच्या स्वतःच्या मागणीला फेडरल कायद्याचा पाया आहे का?

हडसनकाठ

पेशकार, छान मांडलंत. १३३२ वर मी भर घालतो, कारण आपल्या लोकांची सगळ्यात जास्त गल्लत तिथेच होते. "मी न्यू जर्सीत राहतो" हे वाक्य कोर्टाला काहीच सांगत नाही. राहणं वेगळं, नागरिकत्व वेगळं. वादपत्रात "रहिवासी" लिहिलं आणि "नागरिक" लिहिलं नाही, एवढ्यावरून कारणे दाखवा आदेश निघतो.

समजा दावा न्यू जर्सीच्या नागरिकाविरुद्ध आहे. वादी एच-वन-बी वर असेल तर तो परदेशी नागरिक. तोही न्यू जर्सीतच राहत असला तरी दार उघडं. वादी ग्रीन कार्डवाला असेल आणि त्याचं कायम ठिकाणही न्यू जर्सीच असेल तर दार बंद. २०११ च्या दुरुस्तीने हे पक्कं झालं. त्याच ग्रीन कार्डवाल्याने न्यूयॉर्कच्या नागरिकावर दावा केला तर चालतं. पण ग्रीन कार्डवाल्याने टेक्सासमधल्या एच-वन-बी वाल्यावर केला, तर दोन्हीकडे परदेशीच. नाही चालत. राज्यं वेगळी असून फायदा नाही.

आता सगळ्यात विचित्र गट: अमेरिकी नागरिक झालेले आणि कायमचे पुण्याला परतलेले. ते परदेशी नाहीत, कारण पासपोर्ट अमेरिकेचा. कुठल्या राज्याचे नागरिकही नाहीत, कारण कायम ठिकाण कोणत्याच राज्यात नाही. न्यूमन-ग्रीन खटला, १९८९. अशी व्यक्ती १३३२ खाली दावा लावू शकत नाही आणि तिच्यावर लावताही येत नाही. पाच प्रतिवादींत असा एक जण असला तरी तो वगळल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. ओसीआय कार्डाने यात काही बदलत नाही, ते नागरिकत्वच नाही.

मात्र तीन वर्षांच्या प्रोजेक्टसाठी पुण्याला गेला आणि एडिसनला परतायचा इरादा कायम आहे, तर तो अजून न्यू जर्सीचाच. घर, मतदार नोंदणी, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स यांवरून इरादा पाहतात. आणि स्थिती बघायची ती दावा दाखल केला त्या दिवसाची. नंतर घर बदलून अधिकार पैदा होत नाही.

मुद्देसूद

समोर कंपनी असेल तर दोन पत्ते तपासायचे: नोंदणी कुठल्या राज्यात आणि मुख्य कारभार कुठून. मुख्य कारभार म्हणजे वरिष्ठ अधिकारी जिथून सूत्रं हलवतात ती जागा, हर्ट्झ खटला, २०१०. दोन्ही राज्यांची ती नागरिक. डेलावेअर आणि कॅलिफोर्निया अशी कंपनी असेल तर कॅलिफोर्नियाचा नागरिक तिच्यावर १३३२ खाली जाऊ शकत नाही.

एलएलसी (मर्यादित दायित्व कंपनी) मात्र वेगळं जनावर आहे. तिचं नागरिकत्व म्हणजे तिच्या प्रत्येक सभासदाचं नागरिकत्व. सभासद दुसरी एलएलसी असेल तर तिचेही सभासद, असं तळापर्यंत खणत जायचं. घरमालकाची एलएलसी, मोटेलची एलएलसी, कन्सल्टन्सीची एलएलसी... ही नावं बाहेर कुठेच सापडत नाहीत. दाखल करताना उपलब्ध माहितीवर आधारून लिहावं लागतं. १ डिसेंबर २०२२ पासून नियम ७.१ प्रमाणे अशा दाव्यात पक्षकारांना आपलं नागरिकत्व लेखी उघड करावं लागतं. त्या कागदाची वाट बघा आणि आला की वाचा. एक सभासद तुमच्याच राज्याचा निघाला की दावा तिथेच संपतो, म्हणून तो शोध सहा महिन्यांनी लागण्यापेक्षा सहा आठवड्यांत लागलेला बरा.

रकमेबद्दल: बरोब्बर ७५,००० चालत नाही, त्याहून जास्त हवी. व्याज आणि कोर्टखर्च धरायचा नाही. एका प्रतिवादीविरुद्ध एकाच वादीच्या अनेक मागण्यांची बेरीज चालते. दोन वादींच्या स्वतंत्र मागण्या एकत्र करून आकडा गाठता येत नाही. ९,००० डॉलरचं डिपॉझिट अडकलंय आणि "मानसिक त्रास ५ लाख" असं लिहून काम होईल असं वाटत असेल, तर कोर्ट विचारतं की त्या राज्याच्या कायद्यात डिपॉझिटच्या वादात मानसिक त्रासाचे पैसे मिळतात का. मिळत नसतील तर आकडा परत ९,००० वर. त्यापेक्षा स्मॉल क्लेम्स बरं: कॅलिफोर्नियात व्यक्तीसाठी १२,५०० पर्यंत, न्यूयॉर्क शहरात १०,००० पर्यंत. न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्स ५,००० पर्यंतच, पण स्पेशल सिव्हिल पार्ट २०,००० पर्यंत घेतं.

कोर्टाची_पायरी

एक शंका. राज्याच्या फॅमिली कोर्टाने मुलाचा ताबा एका बाजूला दिला, सुनावणीची नोटीसच नीट दिली नव्हती असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. चौदाव्या घटनादुरुस्तीचा भंग म्हणून फेडरल कोर्टात जाता येईल ना? हा तर सरळ संविधानाचा प्रश्न झाला.

पेशकार

@कोर्टाची_पायरी, स्वतः लढणाऱ्यांचे खूप दावे नेमके याच वळणावर आडवे होतात. एकावर एक तीन भिंती आहेत.

पहिली, रूकर-फेल्डमन. दोन खटल्यांची नावं जोडलेली आहेत, १९२३ आणि १९८३ चे. राज्याच्या कोर्टाच्या निकालावर अपील ऐकायचा अधिकार फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टाला नाही. कलम १२५७ प्रमाणे तो फक्त सुप्रीम कोर्टाला, आणि राज्यातलं सगळ्यात वरचं दार ठोठावून झाल्यावर, ९० दिवसांत. २००५ च्या एक्झॉन मोबिल खटल्याने याची हद्द आखून दिली: राज्याच्या कोर्टात हरलेला पक्ष, त्या निकालामुळेच झालेली इजा, निकाल फेडरल दाव्याच्या आधीचा, आणि मागणी तो निकाल उलटवण्याची. चारही जुळलं की दावा बाहेर. अर्जाला "नागरी हक्क" असं शीर्षक दिलं तरी कोर्ट मागणी काय आहे ते बघतं. "ताब्याचा आदेश रद्द करा" हे अपीलच.

दुसरी, प्रकरण राज्यात अजून चालू असेल तर रूकर-फेल्डमन लागत नाही, पण यंगर लागू शकतं (१९७१). तिथे अधिकार असूनही कोर्ट हात आखडता घेतं. सरसकट नाही, २०१३ च्या स्प्रिंट खटल्याने ते मोजक्या प्रकारांपुरतं ठेवलंय.

तिसरी, कौटुंबिक बाबींचा अपवाद. घटस्फोट, पोटगी आणि ताबा यांचे हुकूम फेडरल कोर्ट १३३२ खाली देत नाही. अँकेनब्रँट, १९९२. त्याच निकालात हेही आहे की घरातल्या माणसाने केलेल्या शारीरिक अत्याचाराची भरपाई मागणारा दावा या अपवादात बसत नाही. "घरातलं भांडण म्हणजे फेडरल नाहीच" हे त्यामुळे चूक. वारसाहक्काचंही तसंच: मृत्युपत्र खरं की खोटं ठरवणं, इस्टेटीचं वाटप करणं हे राज्याच्या प्रोबेट कोर्टाचं काम. पण कुणी खोटेपणाने आपला वारसा बुडवला म्हणून त्या व्यक्तीकडून भरपाई मागता येऊ शकते. मार्शल खटला, २००६.

जाता जाता: मूल भारतात नेलं असेल तर हेग अपहरण करार कामाला येत नाही, भारत त्यात सहभागीच नाही.

अटलांटाकर

न्यायाधीश स्वतः लढणाऱ्यांना सांभाळून घेतात म्हणतात ना? हेन्स विरुद्ध कर्नर वगैरे?

मुद्देसूद

घेतात, पण कशात ते बघा. हेन्स (१९७२) आणि एरिक्सन (२००७) सांगतात की वकील नसलेल्याचं लिखाण उदारपणे वाचावं. कलमाचा नंबर चुकला, भाषा विस्कळीत आहे, तर आशय शोधायचा. पण जे लिहिलेलंच नाही ते नागरिकत्व न्यायाधीश आपल्या मनाने भरू शकत नाही, आणि संसदेने न दिलेला अधिकारही देऊ शकत नाही.

मॅकनील खटला (१९९३) वाचण्यासारखा आहे. फेडरल सरकारकडून भरपाई मागण्याच्या कायद्यात (फेडरल टॉर्ट क्लेम्स) आधी संबंधित खात्याकडे अर्ज करायचा असतो. एका कैद्याने वकिलाशिवाय असा दावा मार्चमध्ये लावला आणि खात्याकडे अर्ज केला जुलैमध्ये. क्रम उलटा. दाव्यात तोवर काहीच हालचाल झालेली नव्हती, सरकारचं काही बिघडलं नव्हतं. तरी नऊच्या नऊ न्यायाधीश म्हणाले, आधी खात्याकडे म्हणजे आधी खात्याकडे.

टपाल खात्याच्या गाडीने तुमची गाडी ठोकली तर हाच रस्ता. एसएफ-९५ फॉर्म, घटनेपासून २ वर्षांच्या आत, आणि रकमेच्या रकान्यात ठोस आकडा. "नंतर कळवू" लिहिलं की अर्ज अर्ज राहत नाही. खात्याला ६ महिने मिळतात. लेखी नकार आला की त्या पत्राच्या पोस्टिंगच्या तारखेपासून ६ महिन्यांत दावा. आणि प्रतिवादी "युनायटेड स्टेट्स", टपाल खातं नव्हे, ड्रायव्हर तर नाहीच. (हरवलेल्या पार्सलसाठी मात्र हा कायदा नाही, ते स्पष्टपणे वगळलंय.)

हडसनकाठ

राज्य सरकारचं खातं असेल तर अकरावी घटनादुरुस्ती. मोटार वाहन विभागावर फेडरल कोर्टात पैशांसाठी जाता येत नाही. संबंधित अधिकाऱ्याला पुढचं वर्तन सुधारायचा आदेश मागता येतो, एक्स पार्टे यंग, १९०८. शहर आणि काउंटी यांना हे कवच नाही.

अटलांटाकर

आणि एच-वन-बी वर पगार कमी दिला, प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसवून पैसेच दिले नाहीत तर? हा तर फेडरल कायदा आहे. म्हणजे १३३१ चं दार उघडं.

मुद्देसूद

कायदा फेडरल आहे, पण तो तुम्हाला दावा करायचा हक्क देतो का हा वेगळा प्रश्न. एलसीएतला (एच-वन-बी साठी कंपनी श्रम खात्याला देते त्या अर्जातला) पगार न दिल्याची तक्रार श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे, डब्ल्यूएच-४ फॉर्मवर, उल्लंघनापासून १२ महिन्यांत. इमिग्रेशन कायद्यातल्या या तरतुदीवर थेट खासगी दावा कोर्टं मान्य करत नाहीत. करारभंग म्हणून राज्याच्या कोर्टात जाता येतं, किमान वेतन किंवा ओव्हरटाइम बुडाला असेल तर त्या फेडरल कायद्याखाली थेट दावाही होतो. वैद्यकीय गोपनीयतेचा हिपा कायदा, फौजदारी संहितेतलं कलम २४२, यांचंही हेच. वादपत्रात ही नावं फार दिसतात आणि उपयोग शून्य.

म्हणून अधिकार नाही, दावा फेटाळला.

पेशकार

शेवटच्या ओळीला हरकत. खासगी दाव्याचा हक्क नसणं म्हणजे अधिकारक्षेत्र नसणं नव्हे. तो गुणवत्तेवरचा पराभव, दिवाणी नियम १२(ब)(६). बेल विरुद्ध हूड (१९४६) पासून भूमिका अशी की फेडरल मागणी अगदीच पोकळ नसेल तर कोर्टाला अधिकार असतो, मग कोर्ट ती मान्य करो वा न करो. आर्बो (२००६) मध्ये नोकरीतल्या भेदभावाच्या कायद्यातली किमान पंधरा कर्मचाऱ्यांची अट अधिकाराची नाही, दाव्याच्या घटकांपैकी एक आहे, असं ठरलं. नोकरीतल्या भेदभावाची तक्रार आधी ईईओसीकडे (समान रोजगार संधी आयोगाकडे) न्यायची अटसुद्धा अधिकाराची नाही, फोर्ट बेंड, २०१९. तिथे प्रतिवादीने वर्षानुवर्षं मुद्दा काढलाच नाही आणि तो गमावून बसला.

मुद्देसूद

मान्य, घाईत लिहिलं. शिवाय हा काही नुसता काथ्याकूट नाही. अधिकार नाही म्हणून फेटाळलेला दावा दुसऱ्या योग्य कोर्टात पुन्हा लावता येतो. गुणवत्तेवर फेटाळला तर सहसा तेच प्रकरण पुन्हा काढता येत नाही. म्हणून आदेश हातात आला की शेवटचं पान आधी वाचायचं: "विदाउट प्रेज्युडिस" आहे की "विथ". आणि अधिकार नाही असं म्हणून "विथ" लिहिलं असेल तर ती दुरुस्त करून घेण्याजोगी चूक आहे.

दफ्तरदार

कागदांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

वकिलाशिवाय लढणाऱ्यांसाठी कोर्टाचे "प्रो से" फॉर्म आहेत: प्रो से १ हा सर्वसाधारण नमुना, प्रो से ७ नोकरीतल्या भेदभावासाठी, प्रो से १५ नागरी हक्कांसाठी. यातलं अधिकारक्षेत्राचं पान लोक सगळ्यात घाईत भरतात. फेडरल प्रश्नावर खूण केली तर खाली कलम लिहा, नुसतं "संविधान" नको. राज्यभिन्नतेवर (म्हणजे १३३२ वर) खूण केली तर प्रत्येक पक्षकाराचं नागरिकत्व आणि रक्कम कशी आली ते दोन ओळींत. दोन्ही खुणा करून दोन्हीकडे रिकामं सोडणं हा नेहमीचा प्रकार. जेएस-४४ या आवरणपत्रावरही हेच रकाने आहेत, पण ते वादपत्राचा भाग नाही. तिथे लिहिलं म्हणजे झालं, असं समजू नका.

फी ४०५ डॉलर: ३५० अधिक ५५. दावा दारातून परत आला तरी ती परत मिळत नाही. फीमाफीचा अर्ज केलात तर कलम १९१५ खाली न्यायाधीश समन्स निघण्याआधीच वादपत्र चाळतात आणि निरर्थक वाटलं तर प्रतिवादीला कळायच्या आतच निकाली काढतात.

सही स्वतःची. इथे आपल्याकडचं कुलमुखत्यारपत्र चालत नाही! नवऱ्यासाठी बायको, भावासाठी भाऊ, असं वकील नसलेल्याने दुसऱ्यासाठी उभं राहता येत नाही. आईवडीलही बहुतेक सर्किटांत (फेडरल अपील कोर्टांच्या विभागांत) मुलाच्या वतीने वकिलाशिवाय लढू शकत नाहीत. स्वतःची एकट्याची एलएलसी असली तरी तिला वकील लागतोच.

कारणे दाखवा आदेश आला तर घाबरून लांबलचक कैफियत लिहू नका. कलम १६५३ प्रमाणे अधिकाराच्या कथनातली उणीव दुरुस्त करता येते. सुधारित वादपत्र जोडा, नागरिकत्वाची वाक्यं नीट लिहा, विषय संपला. मॅजिस्ट्रेट न्यायाधीशाचा अहवाल विरुद्ध गेला तर लेखी हरकतींना १४ दिवस. हरकत मुद्द्याला धरून: कुठल्या पानावरचा कुठला निष्कर्ष चूक आणि का.

कोर्टाची_पायरी

दफ्तरदारताई, फेडरल कोर्टात वर्षभर गेलं आणि मग परत पाठवलं, तोवर राज्यातली मुदत संपली असेल तर?

दफ्तरदार

फेडरल मागणीच्या सोबतीने राज्याच्या कायद्याची मागणी जोडली असेल, तर कलम १३६७(ड) मदतीला येतं. त्या मागणीचं घड्याळ मधल्या काळात थांबतं आणि फेटाळल्यावर वर आणखी ३० दिवस मिळतात. आर्टिस खटल्यात (२०१८) हेच ठरलं. पण मेख अशी की हे कलम सोबतीच्या मागण्यांसाठीच आहे. फक्त राज्यभिन्नतेवर आलात आणि ती टिकली नाही, तर १३६७(ड) नाही. मग त्या राज्याचा स्वतःचा वाचवणारा कायदा आहे का ते बघायचं. न्यूयॉर्कमध्ये तिथल्या दिवाणी प्रक्रिया कायद्याचं (सीपीएलआर) कलम २०५(अ) सहा महिने देतं. सगळीकडे असं नसतं. मुदत जवळ असेल आणि अधिकाराबद्दल शंका असेल, तर पहिल्यापासूनच राज्याचं कोर्ट धरा.

हडसनकाठ

आणि राज्याचं कोर्ट धरलंत तरी प्रतिवादी तुम्हाला ओढून फेडरलमध्ये नेऊ शकतो, बजावणीपासून ३० दिवसांत. परत पाठवा म्हणायचं असेल तर प्रक्रियेतल्या चुकांसाठी तुमच्याकडेही ३० दिवसच. अधिकारच नाही हा मुद्दा मात्र केव्हाही. जानेवारी २०२५ च्या रॉयल कॅनिन निकालानंतर एक रस्ता स्वच्छ झालाय: नेल्यानंतर वादपत्रातून फेडरल मागण्या काढून टाकल्या, तर फेडरल कोर्टाचा अधिकार जातो आणि प्रकरण राज्यात परत येतं. रक्कम ७५,००० च्या खाली आणून मात्र हे साधत नाही, ते १९३८ पासून ठरलेलं आहे.

प्रतिवादी भारतात असेल तर समन्स टपालाने पाठवू नका. हेग बजावणी कराराच्या अनुच्छेद १० ला भारताची हरकत आहे. विनंती दिल्लीला विधी व न्याय मंत्रालयाकडे जाते आणि भरपूर वेळ खाते. सुदैवाने ९० दिवसांची बजावणीची मुदत परदेशातल्या बजावणीला लागू नाही.

अटलांटाकर

अपिलाची मुदत ३० दिवसच ना? कागद शेवटच्या दिवशी पोस्टात टाकला तर चालेल?

पेशकार

३० दिवस; युनायटेड स्टेट्स पक्षकार असेल तर ६०. फी ६०५ डॉलर. आणि ही मुदत खरोखर अधिकाराची आहे. बोल्स खटल्यात (२००७) न्यायाधीशाने चुकून १४ ऐवजी १७ दिवस दिले, माणसाने सोळाव्या दिवशी अपील केलं, आणि ५ विरुद्ध ४ मतांनी ते बाद झालं. न्यायाधीशाची चूकसुद्धा कामी आली नाही.

पोस्टात टाकल्याची तारीख फक्त तुरुंगातल्या कैद्यांसाठी धरतात. बाकी सगळ्यांचा कागद क्लार्कच्या हाती पडला तीच तारीख.